मुकं खोकं

तात्यांनी खोक्यावर बोटाच्या पेरानं ठोकलं, मान तिरकी करून ऐकलं आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून आरोळी दिली, "काय गं, बोलतंय का?"

"बोलतंय, बोलतंय!" आईनं लाटणं न थांबवता आतून उत्तर दिलं. "पार चुलीपातूर आलं!"

"ऐकलंस?" तात्या माझ्याकडं वळले. कपाळाला भुसा लागलेला, चेहरा नुसता फुललेला. "असं खोकं तुझ्या पुण्यात कुणाच्या बापानं केलं नसंल."

मी नुकतीच पुण्याच्या एसटीतून उतरून घरी आले होते. खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. आणि त्या खोक्यानं तर बोलायचंच नव्हतं.

थांबा, नीट सांगते. माझा बाप गुंडूतात्या, मिरजेतला तंबोरे करणारा. आमच्या गल्लीत घरोघरी हेच काम. भोपळा वाळवायचा, कापायचा, त्याच्या तोंडावर तुणीच्या लाकडाची पातळ तबली बसवायची, दांडी जोडायची, तारा चढवायच्या. आमच्या घरची रीत अशी की वाद्याला तारा लागायच्या आधीच तात्या लाकडावर ठोकत आणि विचारत, बोलतंय का? मग घरात कोण कुठंही असो, न्हाणीत असो नाहीतर माडीवर, ऐकू आलं की "बोलतंय" म्हणून हाक द्यायची. समोरच्या घरातून रसूलचाचा पण देत. ते तात्यांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि कामात तोडीस तोड, त्यामुळं त्यांची हाक आली की तात्यांना जरा जास्तच चढायची. नाही आली तर तात्यांना जेवण गोड लागायचं नाही.

मी मात्र भलत्याच नादाला लागले. इलेक्ट्रॉनिक्स शिकले, पुण्यात स्पीकरच्या एका कारखान्यात नोकरी केली आणि चांगली चाललेली नोकरी सोडून स्वतःचे स्पीकर करायचं डोक्यात घेतलं. घरात गाणी ऐकायचे नव्हेत. स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारा माणूस ज्यांच्यावर ऐकून बरंवाईट ठरवतो ते. त्या काळी असले स्पीकर बाहेरच्या देशातूनच यायचे, आणि "ते आपल्याकडं नाही हो जमत" असं लोक इतक्या सहज म्हणायचे की माझं डोकंच उठायचं. का नाही जमत? हात नाहीत आपल्याला?

पुण्यातले एक देवस्थळी म्हणून रेकॉर्डिस्ट होते, स्वतःचा स्टुडिओ असलेले. ते तेवढे म्हणाले, "करून आणा. पटले तर माझ्याकडं लावतो. नाही पटले तर तोंडावर सांगेन." त्या धंद्यात देवस्थळींच्या कानाला मान होता. त्यांनी लावले तर बाकीचे आपणहून विचारत येणार होते, आणि त्यांनी परत पाठवले तर मला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. सगळं त्या एका जोडीवर होतं.

आतली यंत्रं मी पुण्यात केली. खोकी मात्र तात्यांकडूनच करून घ्यायची असं मी ठरवूनच टाकलं होतं. तो हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मी मापं काढून दिली, दाबलेल्या भुशाची जाड फळी आणून दिली आणि बजावून सांगितलं, की ठोकल्यावर नुसतं ठप्प झालं पाहिजे.

"तात्या, मी फळी आणून दिली होती ना?"

"ती व्हय? ती न्हाणीच्या दाराला मारली." तात्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "भुशाच्या फळीला मी हात लावू? गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. ही तुणी बघ. माझ्या बापानं घेऊन ठेवलेली. तंबोऱ्याला सुद्धा काढली नव्हती मी, तुझ्यासाठी काढली."

"पण स्पीकरचं खोकं बोलायचं नसतं, तात्या. गप्प बसायचं असतं."

"शैले," तात्या गंभीर झाले, "ज्यातनं गाणं येणार ते लाकूड मुकं? मी जल्मात मुकं लाकूड केलं न्हाई आणि करणार न्हाई."

देवस्थळींनी दिलेली वेळ दुसऱ्याच दिवशीची होती. आणि खोटं कशाला बोलू, खोकी अशी देखणी झाली होती की नजर हटत नव्हती. भिंती पातळ, सांधा कुठं आहे ते बोट फिरवूनही कळू नये, वर लाखेची झळाळी. मी आत यंत्रं बसवली आणि आम्ही निघालो. तात्या स्वच्छ धोतर-टोपी घालून बरोबर आले. एसटीत त्यांनी एक खोकं मांडीवरून खाली ठेवू दिलं नाही.

देवस्थळी किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं मोजकं. त्यांनी खोकी काचेच्या खिडकीपुढं मांडली आणि आपली नेहमीची टेप लावली. उमाबाई नांदणीकरांचं गाणं होतं, ह्याच स्टुडिओत झालेलं. ते त्यांना पाठ होतं, म्हणून नवीन काहीही तपासायचं तर ते आधी हेच लावत.

तात्यांनी डोळे मिटले. "वा! काय गोड तंबोरा लागलाय! कुणाचा हो?"

"बाई स्वतःचाच घेऊन आल्या होत्या," देवस्थळी म्हणाले.

मग त्यांनी ढोलकी लावली. मग एका माणसाचं नुसतं बोलणं. त्या बोलण्याच्या वेळी ते उठले, खोक्याच्या बाजूवर तळहात ठेवून उभे राहिले आणि टेप बंद केली.

"छान वाजतात. अगदी गोड," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुढं म्हणाले, "पण शैलाताई, बाई गोड, ढोलकी गोड, आणि हा बोलणारा माणूसही गोड? हा माझा मेहुणा आहे हो. त्याचा आवाज कसा आहे ते मला रोज ऐकावं लागतं."

त्यांनी मला खुणेनं खोक्याजवळ बोलावलं.

"तुमचं खोकं सोबतीला गातंय. हात लावून बघा, भिंत थरथरते. गायला माझ्याकडं बाई आहेत. मला खोक्याचं गाणं नको."

तात्या ताडकन उठले. "माझ्या लाकडाला नावं ठेवता?"

"नावं नाही ठेवत, तात्या. लाकूड उत्तमच आहे. म्हणून तर अडचण झालीय." मग माझ्याकडं वळून ते म्हणाले, "पाडव्याला ही नवी खोली सुरू करायची आहे मला. त्याच्या आधी एकदा आणलंत तर पुन्हा ऐकेन. नाहीतर बाहेरून मागवतो."

परतीच्या वाटेवर साताऱ्याला चहा पिताना तात्या एवढंच म्हणाले, "कान फुटलेत त्याचे."

गल्लीत अशी बातमी लपते होय? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रसूलचाचा कट्ट्यावर येऊन बसले. "काय गुंडू, पुण्याला म्हणे मुकं खोकं पाहिजे? मग आंब्याची पेटी पाठवायची की रे गवत भरून! उगीच बापाची तुणी घालवलीस."

सगळे हसले. तात्या उठून आत गेले आणि कडी लावून घेतली. मला आतूनच म्हणाले, "जा पुण्याला. कुणी बी सुतार करून देईल तुला. मुकं करायला गुंडूतात्या कशाला लागतोय?"

"कुणीही करून चाललं असतं तर मी मिरजेला आले असते का?" मी दाराबाहेरून म्हटलं. पण कडी निघाली नाही.

त्यानंतर घरात अबोलाच होता. मी समजावायला गेले की ते रंधा ओढायला लागायचे. पाडवा जवळ येत होता आणि माझा धीर सुटत चालला होता. मला रडूही येत होतं आणि रागही. बापाला अडवणार कोण आणि सांगणार कोण?

मग एका सकाळी एका तंबोऱ्याची जवारी लावायचं काम निघालं. तार जिच्यावरून जाते ती घोडी कानसीनं अशी घासायची की तार तिच्यावर नेमकी टेकून झणझणावी. तात्यांचा हात त्यात देवाचा. त्यांनी नेहमीप्रमाणं सुरुवात केली. आधी खिडकी लावली. मग आईला ओरडले, "मिक्सर बंद कर!" मग कट्ट्यावर गप्पा मारणाऱ्यांना हाकललं. शेवटी भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून माझ्या हातात दिलं. "पलीकडच्या खोलीत ठेव. टिकटिक नको."

मी घड्याळ हातात धरून तिथंच उभी राहिले.

"तात्या, खिडकी कशाला लावली?"

"तार ऐकायला."

"बाहेर भजन चाललंय ते गोड आहे की. येऊ दे ना आत."

"येडी का काय? भजन गोड हाय, पण मग तार कशी हाय ते कसं कळायचं मला? भजनाच्या गोडीत तारेचं वाईटवंगाळ लपून जातंय."

"देवस्थळी हेच म्हणाले," मी म्हटलं. "त्यांना बाई ऐकायच्या आहेत. आपलं खोकं मध्येच भजन म्हणतंय."

तात्यांची कानस थांबली. ते त्या लावलेल्या खिडकीकडं वळले.

"म्हंजे त्याला खोकं नकोच हाय," ते हळूहळू म्हणाले. "त्याला लावलेली खिडकी पायजे."

"हां!"

"मग तसं सांगायचं की गं आधी! मुकं, मुकं काय लावलंस?" आणि तात्यांनी ती जवारी तशीच बाजूला ठेवली.

त्यानंतर आमच्या घरात जे चाललं ते बघून आईनं कपाळाला हात लावला. तात्या म्हणाले, "तंबोरा मरतो कसा ते मला ठावं हाय. भिंत जाड राहिली की मरतो, चिकटवायचा सरस जादा झाला की मरतो, आतनं पट्टी चुकीच्या जागी लागली की मरतो. जल्मभर जे टाळलं ते आता मुद्दाम करतो."

"करा," मी म्हटलं. "पण चौकोनी नको. समोरासमोर दोन सपाट भिंती असल्या की आतला आवाज त्यांच्यात टोलवाटोलवी करत बसतो. रिकाम्या खोलीत घुमतं ना, तसं. आणि पुढच्या कडा धारदार नकोत, आवाज तिथं ठेचकाळतो. गोल करा."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कोपऱ्यात वाळत पडलेल्या भोपळ्यांकडं बघितलं. "हे कुठं शिकलीस?"

"कॉलेजात. आणि थोडं इथं."

"हूं," एवढंच ते म्हणाले, पण त्या 'हूं'वर मी पुढचे कितीतरी दिवस जगले असते.

मी आकार काढला. पुढं रुंद, मागं निमुळतं होत गेलेलं, बाजूंना भोपळ्यासारखी फुगीर वळणं. तात्यांनी लाकडाचे पातळ पापुद्रे काढले, गरम पाण्यात मऊ केले आणि साच्यावर वाकवून एकावर एक चिकटवले. एकाची रेष उभी, तर त्यावरच्याची आडवी, म्हणजे एक थरथरायला लागला की दुसऱ्यानं त्याला धरावं. मधे त्यांनी मऊ राहणारं चिकट लुकण भरलं. भिंत कुठं कुठं थरथरते ते मी यंत्र लावून शोधायची आणि तात्या बोटाच्या पेरानं. दोघांच्या खुणा एकाच जागी पडल्या की तात्या आतून आडवी पट्टी मारायचे, तीही मध्यावर नाही, जरा बाजूला. खुणा वेगवेगळ्या पडल्या की आम्ही भांडायचो. कधी यंत्र बरोबर निघायचं, कधी पेर. गोंधळ असा की आईनं आम्हाला जेवायला बोलवायचं सोडून दिलं, ताटं तिथंच आणून ठेवायची.

आणि ती जुनी रीत उलटी झाली. तात्या ठोकायचे आणि विचारायचे, "काय गं, बोलतंय का?"

"बोलतंय अजून मेलं!" आई आतून ओरडायची.

तात्या कपाळाला आठ्या घालून पुन्हा कामाला लागायचे. पुन्हा ठोकायचे. "आता?"

"जरा जरा!"

मग एकदा तात्यांनी ठोकलं, विचारलं आणि आतून काहीच आलं नाही. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं आई पदराला हात पुसत दारात आली. "अवं, ठोकताय ना? मी मघापासनं कान लावून बसलीय."

तात्यांनी मला एक धपाटा असा घातला की मी हेलपाटले. आनंदाचा होता, म्हणून सोडून दिलं.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. या खेपेला खोकी मांडीवर मावण्यासारखी नव्हती, वजनच तसं होतं. देवस्थळींनी ती मांडून घेतली, बाजूवर टिचकी मारली, भुवई उंचावली आणि काही न बोलता उमाबाईंचीच टेप लावली.

गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तंबोरा लागतो, तो लागला. मी देवस्थळींचं तोंड बघत होते. ते डोळे मिटून बसले होते, होकार नाही की नकार नाही. आणि तेवढ्यात तात्या उठून उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"थांबवा!"

मला वाटलं, संपलं. आता हे म्हणणार, किती कोरडं वाजतंय, ह्यापेक्षा माझी तुणी बरी. देवस्थळींनी टेप थांबवली.

"पुन्हा लावा. पहिल्यापासनं."

त्यांनी लावली. तात्या पुढं सरकून खोक्यासमोर उकिडवे बसले, एक कान पुढं करून. तंबोरा वाजत होता. तात्यांचा हात हवेत एकेक तार छेडत होता, आणि शेवटच्या, खर्जाच्या तारेवर तो दर वेळी अडखळत होता.

"हा माझा हाय," ते म्हणाले.

"काय?" देवस्थळींनी विचारलं.

"हा तंबोरा. मी केलेला हाय हा. खर्जाच्या तारेच्या शेपटीला बारीक करकर हाय, ऐका. ऐकू आली? भोपळा पडून चिरला होता म्हणून एका बाईनं परत आणला होता. चीर सांधली, नवी तबली बसवली, सगळं झालं, पण ती करकर काही जाईना. घोडी घासून घासून थकलो. शेवटी तशीच दिली. अजून माझ्या मनात हाय ती." तात्या माझ्याकडं वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "मागल्या खेपेला हीच टेप लावली होती ना? मी विचारलं की गं, कुणाचा तंबोरा म्हणून! माझाच मला ओळखला न्हाई. माझ्याच लाकडानं लपवला माझ्यापासनं."

देवस्थळी उठले. टेबलावरचा फोन उचलून त्यांनी उमाबाईंच्या घरी लावला. "बाई, तुमचा तो तंबोरा कुणी केलेला?" पलीकडचं थोडा वेळ ऐकलं. मग विचारलं, "भोपळ्याला चीर आहे का?" पुन्हा ऐकलं आणि फोन खाली ठेवला.

"मागच्या अंगाला चीर आहे, सांधलेली," ते म्हणाले. "आणि मिरजेच्या गुंडूतात्यांनी सांधली, असं म्हणाल्या." ते खुर्चीत बसले आणि स्वतःशीच हसले. "त्या करकरीचा मला संशय होता हो. कधी वाटायचं आहे, कधी वाटायचं भास झाला. माझं यंत्र खराब आहे समजून मी ते खोलूनही बघितलं. आज पहिल्यांदा सरळ ऐकली."

मग त्यांनी आपल्या मेहुण्याचं बोलणं लावलं. अगदी कानाला सहन होईना.

"हा खरा!" देवस्थळी मांडीवर हात मारून म्हणाले. "शैलाताई, ही खोकी आता इथून हलवायची नाहीत. आणि पलीकडच्या खोलीसाठी अजून एक जोडी लागेल."

मी हो म्हटलं का नाही, ते मला आठवत नाही. तात्यांनी खिशातून रुमाल काढून दिलेला तेवढा आठवतो.

आज कुपवाडच्या एमआयडीसीत माझा कारखाना आहे, आणि आमची खोकी कुठल्या कुठल्या देशांत जातात ते दारावरच्या नकाशात बघून घ्या, मी सांगत बसत नाही. पण कुणी विचारलं की सगळ्यात मोठा दिवस कुठला, तर मी पुण्याचा सांगत नाही. मी त्यानंतरचा सांगते, मिरजेतला.

देवस्थळींची ती दुसरी जोडी तयार झाली होती. तात्यांनी त्यातलं एक खोकं उचलून बाहेर कट्ट्यावर आणून ठेवलं, भर सकाळी, सगळी गल्ली कामावर बसलेली असताना. आणि खणखणीत आवाजात आरोळी दिली, "ऐका रे!"

घराघरातून माणसं डोकावली. रसूलचाचा हातातली कानस तशीच घेऊन दारात आले. "काय झालं गुंडू?"

"ठोकतोय. ऐका."

तात्यांनी बोटाच्या पेरानं ठोकलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चांगलं जोरात. सगळी गल्ली कान देऊन उभी होती. आयुष्यभर ह्याच आवाजाला हाक देत आलेली माणसं होती ती.

रसूलचाचा रस्ता ओलांडून आले. वाकून त्यांनी खोक्याला कान लावला. स्वतःच्या पेरानं ठोकून बघितलं, वरून, बाजूनं, त्या फुगीर वळणावर. मग ते सरळ झाले, आणि तंबोऱ्याला द्यायचे त्याच ठसक्यात, पार गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी त्यांनी हाक दिली, "नाही बोलत!"

तात्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण जातंय का काय वाटलं.

"लेका गुंडू, केलंस खरं," रसूलचाचा म्हणाले. "असलं काम तुझ्याशिवाय कुणाला जमायचं?"

"मी न्हाई केलं," तात्या म्हणाले, आणि दारात उभ्या असलेल्या मला दंडाला धरून सगळ्यांच्या पुढं ओढलं. "मी नुसतं चिकटवलं. हिनं केलंय. माझ्या शैलानं."